आपत्तीतली माहिती: देश, काळ आणि पात्र

पूर, दुष्काळ किंवा साथ आली की मदतीच्या आधी माहिती लागते. कोणता पूल खचला, किती घरांत पाणी शिरले, कुठल्या पाड्यावर अजून कोणी पोहोचलेले नाही, कोणत्या दवाखान्यात खाट रिकामी आहे, हे कळल्याखेरीज धान्याचा ट्रक कुठे वळवायचा ते ठरत नाही. ही माहिती एका ठिकाणी कधीच नसते. पाण्याची मोजमापे जलसंपदा खात्याकडे, घरांच्या आणि शेतांच्या नोंदी महसूल खात्याकडे, रुग्णांच्या याद्या आरोग्य खात्याकडे असतात. यांपैकी कशातच न आलेल्या माणसांचा ठावठिकाणा बहुधा गावातल्या कार्यकर्त्यांनाच ठाऊक असतो. या सगळ्या नोंदी एकमेकींशी जुळतील अशा रूपात एकत्र आणणे आणि कोणालाही विनामूल्य वापरता येतील अशा ठेवणे, याला सामायिक खुली माहिती म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी कार्य समन्वय कार्यालयाने २०१४ मध्ये तिच्यासाठी एक जागतिक माहितीकोठार सुरू केले. भारत सरकारने २०१२ मध्ये सरकारी माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले आणि त्याच वर्षी त्यासाठी संकेतस्थळही उघडले.

या कामातला तांत्रिक भाग किचकट असला तरी सुटण्याजोगा आहे. गावांची नावे एकसारखी लिहायची, रकाने आधी ठरवून घ्यायचे, नोंद कोणी आणि कोणत्या तारखेला केली ते लिहून ठेवायचे. मुळातला प्रश्न धर्मविचारातला आहे: जे आपल्या हाती आहे पण आपल्या मालकीचे नाही, ते कोणाला, कधी आणि किती द्यावे? जुन्या खानदेशातल्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत या प्रश्नाची जवळजवळ सगळी अंगे एकत्र सापडतात. तापीचा पूर, अफवेने घेतलेले बळी, जुने कागद जपणारी संस्था, तत्त्वज्ञानाचे केंद्र आणि पाणी वाटून घेण्याची शेकडो वर्षांची रीत, हे सगळे याच मुलखात आहे.

आवरण आणि विक्षेप

माहिती खुली का करावी, या प्रश्नाचे पहिले उत्तर अज्ञानाच्या विचारात मिळते. अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. वेदान्ताच्या अभ्यासासाठी देशभरातले तत्त्वचिंतक तिथे येऊन राहत. या संस्थेशी संबंधित असलेले घ. र. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी १९३३ मध्ये ‘अज्ञान’ याच नावाचा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. अज्ञान म्हणजे केवळ ज्ञानाचा अभाव, की ती स्वतःच काही करणारी शक्ती, हा अद्वैत वेदान्तातला जुना वाद आहे. परंपरेने अज्ञानाच्या दोन शक्ती मानल्या. आवरण म्हणजे आहे ते झाकणे आणि विक्षेप म्हणजे नाही ते दाखवणे. अंधारात दोरी दिसत नाही, हे आवरण. तिच्या जागी साप दिसतो, हा विक्षेप.

आपत्तीत दोन्ही शक्ती अगदी शब्दशः काम करतात. आवरणाचे साधे रूप म्हणजे कोरा रकाना. नुकसानीच्या तक्त्यात एखाद्या पाड्यापुढे काहीच लिहिलेले नसले, तर वरच्या कचेरीत तो आकडा शून्य समजला जातो. प्रत्यक्षात तिथपर्यंत तलाठी पोहोचलेलाच नसतो. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे. त्या चांगदेवाने ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवल्याची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. वयाने लहान पण ज्ञानाने मोठ्या माणसाला मायना काय लिहावा हे न उमगल्याने त्याने कागद कोराच धाडला. त्या कोरेपणाचा अर्थ लावणारी मुक्ताबाई तिथे होती. आपत्तीच्या तक्त्यातल्या कोऱ्या जागेचा अर्थ लावणारे कोणी नसते. म्हणून ‘नुकसान नाही’ आणि ‘पाहणी झालेली नाही’ या दोन नोंदी वेगळ्या लिहिणे ही सामायिक माहितीची पहिली शिस्त ठरते. ती सत्याची शिस्त आहे, कारण पहिली नोंद विधान करते आणि दुसरी आपली मर्यादा कबूल करते.

विक्षेपाचे सर्वांत भीषण उदाहरण धुळे जिल्ह्यातले आहे. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्याआधी मोबाइलवर पसरले होते. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन घातले. ते संदेशही एका अर्थाने सामायिक आणि खुलेच होते: कोणालाही मिळणारे, फुकट, कितीही वेळा पुढे धाडता येणारे. त्यांच्यामागे नोंद करणारा कोणी नव्हता, तारीख नव्हती, चूक दाखवायला जागा नव्हती. माहिती केवळ खुली असल्याने ज्ञान होत नाही, हे राईनपाड्याने दाखवले. जबाबदार, तपासता येणारी माहिती वेळेवर खुली झाली नाही तर तिची जागा अफवा घेते. म्हणून खुलेपणा हे कर्तव्य आहे. मात्र ते एकटे पुरेसे नाही.

दान की ठेव

माहिती खुली करण्याच्या कृतीला साधारणपणे दान समजले जाते. संस्था आपली माहिती ‘देते’, देशाने माहिती ‘दिली’, अशीच भाषा वापरली जाते. दानाचा विचार भारतीय परंपरेत बारकाईने झालेला आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद येतात, आणि सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र ही तीन मापे लावलेली आहेत. योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेले तेच खरे दान. विनोबा भावे यांनी गीतेवरची आपली प्रवचने धुळ्याच्या तुरुंगातच दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एका अध्यायावर ते बोलत आणि सहबंदी असलेले साने गुरुजी ते लिहून घेत. बोललेला शब्द ज्याने टिपला त्याच्यामुळे तो सर्वांचा झाला. एका बंदिस्त आवारातून निघालेली ही माहिती आज अनेक भाषांत वाचली जाते.

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहारदान, औषधदान, ज्ञानदान किंवा शास्त्रदान, आणि अभयदान. आपत्तीतल्या मदतीचे याहून नेमके वर्गीकरण शोधूनही मिळणार नाही. अन्न, औषध, माहिती आणि सुरक्षितता हे चारही त्यात आहेत. त्यांतले अभयदान श्रेष्ठ मानले गेले आहे. कोणत्याही जीवाला आपल्यापासून भय राहू नये, हा त्याचा अर्थ. माहिती देताना एखाद्याचे अभय जात असेल, तर ज्ञानदान आणि अभयदान यांच्यात विरोध उभा राहतो आणि परंपरेचा कौल अभयाच्या बाजूने पडतो.

दानाची उपमा एका ठिकाणी मात्र अपुरी पडते. दान आपल्या मालकीच्या वस्तूचे करायचे असते. मदत छावणीत नाव, वय, आजार, गरोदरपण, आधार क्रमांक आणि बँकेचे खाते सांगणारी बाई ही माहिती दान करीत नसते. धान्य मिळावे म्हणून ती अंगठा देते. ज्या संस्थेने ती माहिती लिहून घेतली ती तिची मालक नव्हे. तिच्याकडे ती ठेव म्हणून आलेली असते. ठेवीचा धर्म वेगळा आहे. ठेव ज्या कारणासाठी ठेवली त्याच कारणासाठी वापरायची, तिची वाढ झाली तर फळ ठेवणाऱ्याला मिळायचे, आणि मागितली की परत करायची.

संमती घेतली की प्रश्न सुटतो, असेही नाही. पुराच्या पाण्यातून बाहेर पडलेल्या माणसाची संमती मोकळी नसते. नाही म्हटले तर शिधा बुडेल ही भीती त्याच्यामागे असते. गांधीजींनी संपत्तीबाबत मांडलेली विश्वस्तवृत्ती इथे उपयोगी पडते. जो राखतो तो उपभोगाचा मालक नाही, आणि ज्याच्यासाठी राखायचे तो दुबळा आहे म्हणून राखणाऱ्याची जबाबदारी वाढते. माणसांविषयीची माहिती ही अशी ठेव आहे. तिच्या बाबतीत देश, काळ आणि पात्र ही मापे विश्वस्ताने लावायची असतात.

देश: वरचे पाणी, खालचे शहर

सगळीच माहिती मात्र ठेव नसते. नदीची पातळी, पाऊस, रस्त्यांची अवस्था, धान्याचा साठा या जगाविषयीच्या नोंदी आहेत. त्यांत कोणाची लाज किंवा जीव गुंतलेला नसतो. अशा माहितीवर सर्वांत मोठा हक्क तिच्यामुळे ज्याचा जीव वाचेल त्याचा असतो, आणि तो बहुधा माहितीपासून दूर राहत असतो.

मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावून ७२४ किलोमीटर वाहणारी तापी हे याचे उदाहरण. तिच्या सुमारे ६५,१४५ चौरस किलोमीटर पाणलोट क्षेत्राचा सर्वांत मोठा हिस्सा महाराष्ट्रात आहे. पाऊस मुख्यतः इथे पडतो आणि धोका मुखाजवळच्या सुरतेला असतो. बऱ्हाणपूर, भुसावळ, गिधाडे, सारंगखेडा या ठिकाणी पातळी आणि विसर्ग मोजले जातात. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. त्यांतले किती, किती वाजता आणि किती उघडले हे खाली उकाई धरणावर कळणे आवश्यक असते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. धरणातले पाणी आधीच का कमी केले नाही, यावर नंतर मोठा वाद झाला. त्या वादात एक गोष्ट सर्वांनीच धरून चालली होती: वरच्या नोंदी खाली वेळेत पोहोचल्या पाहिजेत.

यातला नीतिविचार सरळ आहे. वरच्या गावाने पाणी अडवले तर खालचे गाव तक्रार करू शकते, कारण पाणी अडवल्याचे दिसते. वरच्या गावाने आकडा अडवला तर खालच्याला आपण काय गमावले हेही कळत नाही. म्हणून नोंद अडवणे हा पाणी अडवण्याहून मोठा दोष ठरतो. सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांसारख्या सीमेपलीकडे जाणाऱ्या नद्यांच्या नोंदी भारतात गोपनीय मानल्या जातात. तापी देशातल्या देशात वाहते, तेव्हा तिच्याबाबत ती अडचण नाही. तरीही दोन राज्यांच्या सीमेवर माहिती अडकण्याची शक्यता असते. ज्या नोंदीला सीमा आहे आणि ज्या संकटाला सीमा नाही, तिथे नोंदीने संकटाच्या मागे जावे, हा देशाच्या मापाचा निष्कर्ष.

काळ: तासांची आणि शतकांची माहिती

काळाचे माप दोन टोकांना लागते. पुराची नोंद पूर उतरल्यावर मिळाली तर ती इतिहास असते, मदत नसते. अशा माहितीत उशीर आणि नकार यांत फरक उरत नाही. दुसऱ्या टोकाला अशी माहिती असते जी आज उघडली तर घात करते आणि शंभर वर्षांनी झाकली तर घात करते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घराघरांतले जुने दप्तर शोधत महाराष्ट्र पालथा घातला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला. पानिपतच्या युद्धापर्यंतच्या दशकातली पत्रे त्यात आहेत. तो पत्रव्यवहार लिहिला गेला तेव्हा शत्रूच्या हाती पडला असता तर माणसे मेली असती. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच कागदांवर कुलूप लावून बसणे हे राजवाड्यांच्या दृष्टीने समाजाचे नुकसान होते. कागद दाखवायला तयार नसलेल्या घराण्यांशी त्यांचे अनेकदा खटके उडाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी जमवलेली कागदपत्रे तिथल्याच राजवाडे संशोधन मंडळात जपली गेली आहेत.

मदतकार्यातल्या याद्यांबाबत हा प्रश्न उलटा येतो. मदत संपली की वैयक्तिक नोंदी नष्ट कराव्यात, असा आजचा संकेत आहे. ठेवीचे कारण संपले, म्हणून ठेवही ठेवू नये. पण सगळेच नष्ट केले तर कोणाला मदत मिळाली आणि कोण वगळले गेले हे पुढच्या पिढीला कळणार नाही. वगळले गेलेले दुसऱ्यांदा वगळले जातील. यावरचा व्यवहार्य मार्ग दोन प्रतींचा आहे. नावांची प्रत ठरावीक मुदतीनंतर नष्ट व्हावी आणि गाव, वर्ग, नुकसान, मदत यांचा गोषवारा कायम राहावा. काही मूळ कागद जपायचेच असतील, तर ते कुलपात ठेवून कुलपावर उघडण्याचे वर्ष आधीच लिहावे. अनंतकाळ गुप्त आणि आजच उघडे या दोन्हींच्या मध्ये तारीख असते.

पात्र: कौशिकाचे सत्य

तिसरे माप सर्वांत अवघड आहे. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कधीही खोटे बोलायचे नाही असे त्याचे व्रत होते. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेले लोक त्याच्या आश्रमाजवळच्या रानात लपले. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी ते लोक कुठे गेले असे विचारले. कौशिकाने खरे ते सांगितले. लपलेले लोक मारले गेले आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ च्या एका निबंधात नेमक्या अशाच प्रसंगात खरेच बोलले पाहिजे असे मांडले. महाभारताचा कौल त्याच्या विरुद्ध आहे. कौशिकाने दिलेली माहिती खरी होती, मागणाऱ्याला ती विनामूल्य मिळाली होती, आणि नेमकी होती. दोष पात्राचा होता.

यादीचा असा वापर भारताने पाहिलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि १९११ नंतर देशभर लागू झालेल्या त्याच्या रूपाने, पूर्ण जमातींच्या जमाती नोंदवहीत चढवल्या गेल्या. नोंदवलेल्या माणसाला हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचे तर परवाना लागे. १९५२ मध्ये कायदा गेला, पण भटक्यांकडे संशयाने पाहण्याची सवय कायद्याबरोबर गेली नाही. अलीकडच्या काळात ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जून २०२१ मध्ये असा आक्षेप घेतला की बांगलादेशातील छावण्यांत ओळखपत्रांसाठी घेतलेली रोहिंग्या निर्वासितांची माहिती म्यानमार सरकारला, म्हणजे ज्याच्यापासून ते पळाले त्यालाच, देण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने संमती घेतली होती असे सांगितले. ती संमती किती मोकळी होती, यावरच वाद होता.

इथे खुल्या माहितीच्या संकल्पनेतच एक पेच आहे. खुली माहिती म्हणजे कोणालाही, कोणत्याही कारणासाठी वापरता येणारी माहिती, अशी तिची व्याख्या आहे. घेणाऱ्याची निवड करायची म्हटले की ती खुली उरत नाही. पात्र पाहून द्यावे असे दानाचे शास्त्र म्हणते आणि पात्र पाहू नये असे खुलेपणाचे शास्त्र म्हणते. सुटकेची वाट एकच आहे: पात्रतेची परीक्षा घेणाऱ्याची करण्याऐवजी माहितीचीच करायची. सर्वांत वाईट माणसाच्या हाती पडली तरी जिच्यामुळे कोणाचा घात होणार नाही, तेवढीच माहिती खुली करण्यास पात्र ठरते. कौशिकाने उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचा स्वभाव ओळखायला हवा होता. खुल्या कोठारात नोंद टाकणाऱ्याला तशी संधी नसते. त्याला प्रत्येक वेळी दरोडेखोर समोर उभा आहे असे धरून चालावे लागते.

ही परीक्षा केवळ नाव खोडून होत नाही. चाळीस उंबऱ्यांच्या पाड्यावर ‘विधवा, वय ३२, क्षयरोगी’ एवढेच लिहिले तरी सगळ्या गावाला ती कोण ते कळते. संख्या लहान झाली की आकडा माणूस होतो. म्हणून लहान आकडे एकत्र करून तालुक्याच्या पातळीवर द्यावे लागतात, वयाऐवजी वयोगट द्यावा लागतो, आणि काही रकाने मुळीच द्यायचे नसतात. कोविडच्या साथीत हा भेद स्पष्ट झाला. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या एका स्वयंसेवी प्रकल्पाने जिल्हानिहाय रुग्णसंख्या रोज खुली केली. ऑक्टोबर २०२१ अखेरपर्यंत संशोधक, पत्रकार आणि सामान्य लोक त्या आकड्यांवर विसंबून होते. त्याच मार्चमध्ये महाराष्ट्रात गृहविलगीकरणातल्या माणसांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारला जात होता. तीही माहिती खुलीच होती, फक्त ती माणसाच्या अंगावर लिहिलेली होती. असे शिक्के असलेल्या प्रवाशांना गाडीतून उतरवल्याचे प्रसंग घडले.

उघडेपणाचे माप

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अभयाच्या नावाने झाकलेली माहिती पुष्कळदा बलवानाचे रक्षण करते. महाराष्ट्रात दुष्काळ दीर्घकाळ ठरत असे तो पैसेवारीवर, म्हणजे पिकाच्या उताऱ्याच्या अंदाजावर. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा टप्प्यांनी ती काढली जाते आणि पन्नास पैशांच्या खाली आलेल्या गावांना टंचाईच्या सवलती मिळत. हा आकडा कोणत्या शेतातल्या कापणीवरून काढला हे गावाला कळले नाही, तर गावाला वादही घालता येत नाही. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या रोजगार हमी योजनेत हजेरीपटाचे तेच स्थान होते. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९० च्या दशकात जनसुनवाईत असे हजेरीपट मोठ्याने वाचले, तेव्हा मेलेल्यांच्या नावे मजुरी उचलल्याचे उघड झाले. तिथे नावच खुले व्हायला हवे होते. गोषवाऱ्यात चोरी दिसत नाही. अशा चळवळींतूनच महाराष्ट्राचा २००२ चा आणि देशाचा २००५ चा माहिती अधिकार कायदा आला.

२०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने आपत्तीत मदत देण्यासाठी वैयक्तिक माहिती संमतीविना वापरण्याची मुभा ठेवली आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या अपवादाची भाषा अधिक व्यापक केली. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची वेगळी तरतूद कायम आहे. यावर टीका होते ती या मुद्द्यावर: लाभार्थ्यांच्या यादीतले नाव हे लाभार्थ्याचे खासगी जीवन, की यादी करणाऱ्याच्या कारभाराचा पुरावा? ते एकाच वेळी दोन्ही असते, म्हणूनच नियम एका वाक्यात बसत नाही. तरीही दिशा सांगता येते. नोंद सत्तेविषयी जितकी अधिक सांगते तितकी ती उघडी असावी; दुबळ्याच्या देहाविषयी, श्रद्धेविषयी आणि ठावठिकाण्याविषयी जितकी अधिक सांगते तितकी झाकलेली. ग्रामपंचायतीच्या फलकावर कोणाला किती मदत मिळाली हे लागावे. कोणत्या आजारासाठी मिळाली हे लागू नये.

फड: वाटणीची रीत

ही मापे कोणी लावायची, हा शेवटचा प्रश्न संस्थेचा आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आणि आराम या नद्यांवर तीनचारशे वर्षांपासून फड पद्धती चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड असे तिचे रूप. एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यायचे. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड पडीक ठेवायचे आणि तो तोटा पाळीपाळीने सर्वांनी सोसायचा. शेतात पाणी सोडण्याचे काम शेतकरी आपल्या हाताने करीत नाही. ते पाटकरी करतो. पिकाची राखण जागल्या करतो, देखरेखीला हवालदार असतो, आणि या सर्वांवर गावाने नेमलेले पंच. बंधाऱ्याची आणि पाटाची दुरुस्ती सर्वांनी मिळून करायची. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरच्या अशा सामायिक व्यवस्थांचे जे समान गुण सांगितले, ते फडात दिसतात: सीमा ठरलेली, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, राखणदार त्यांनाच उत्तर देणारा. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. शार्लट हेस यांच्यासह त्यांनी त्याआधीच ज्ञानालाही सामायिक साधन मानून २००७ मध्ये ग्रंथ संपादित केला.

फडातून माहितीच्या व्यवस्थेला तीन गोष्टी घेता येतात. पहिली, पाटकऱ्याची. नोंदीचा दरवाजा उघडणारा हात त्या नोंदीचा लाभ घेणाऱ्याचा नसावा. मदत वाटणारी, निवडणूक लढवणारी किंवा विमा विकणारी संस्था माहितीची पाटकरी होऊ नये. दुसरी, पंचांची. ज्यांची माहिती आहे त्यांचे लोक निर्णयात बसले पाहिजेत. ग्रामसभा ही त्याची तयार जागा आहे. तिसरी, दुरुस्तीची. गाळ न काढलेला पाट जसा निकामी होतो, तशी तीन वर्षे न सुधारलेली यादीही निकामी होते. मेलेल्याचे नाव आणि वाहून गेलेला रस्ता तिच्यात जिवंतच असतो.

साम्य इथे संपते. पाणी एकाने घेतले की दुसऱ्याला कमी पडते, म्हणून फडात पाण्याची पाळी लावावी लागते. माहिती कितीही जणांनी घेतली तरी संपत नाही. तिला पाळी लावण्याचे कारण नाही, आणि जगाविषयीच्या नोंदी अडवण्याला तर मुळीच नाही. माहितीच्या व्यवहारात संपतो तो विश्वास. एका यादीचा एकदा गैरवापर झाला की पुढच्या पुरात लोक खरे नाव सांगत नाहीत, आजार लपवतात, मोजणीला आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतात. तेव्हा जगातली सर्वांत खुली व्यवस्थाही कोऱ्या रकान्यांची होते. फडाने पाणी जपून वापरले. आपत्तीतल्या माहितीच्या विश्वस्ताला जपून वापरायचा असतो तो सांगणाऱ्याचा विश्वास, कारण पुढच्या वर्षीची माहिती त्यातूनच येणार असते.